काळ्या कप्तानाचा खेळ

४ डिसेंबर १९७७, रविवार

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. येसू म्हणाली, "दादा, रोज पानभर लिही, हात वळंल." काय लिहू? डोक्यात एकच माणूस आहे. महिपती जॉबर, मिलमधला आमच्या खात्याचा मुकादम.

पुस्तक पिशवीत होतं. पिशवीत!

५ डिसेंबर

नीट लिहून ठेवतो, विसरायला नको.

१७ नोव्हेंबर, पहिली पाळी, साडेनऊचा सुमार. सूत कातायच्या साच्याच्या बाजूच्या दातेरी चाकात माझा उजवा हात गेला. अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही गेली. मी दवाखान्यात पडलेलो, आणि इकडं महिपतीनं माझं चित्रांचं पुस्तक मॅनेजरच्या टेबलावर नेऊन टाकलं. "साचा चालू ठिवून ह्ये मांडीवर घिऊन वाचत हुता." मॅनेजरनं पानं चाळली. मुखवट्याचा घोडेस्वार बघून हसला म्हणे. मग कागद आला – कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. कामावरून कमी.

माझं वय चोवीस. त्याची पाचही बोटं शाबूत – तपकीर चिमटीत धरायला!

सूड घेणार. कसा ते अजून ठाऊक नाही.

९ डिसेंबर

आज बोरू काढले. दोन वर्षं पाळी संपल्यावर बसून मी माझी स्वतःची चित्रकथा काढत होतो. पाताळगडाची. एकेचाळीस पानं झालीत. बेचाळिसावं डाव्या हातानं काढायला घेतलं. गलबत काढलं, वांगं झालं.

सगळे बोरू खिडकीतून फेकले. येसू खाली जाऊन वेचून घेऊन आली. त्याचाच जास्त राग आला.

११ डिसेंबर, रविवार

गुरुसिद्धप्पा आला, केळी घेऊन. शेजारच्या साच्यावरचा माझा दोस्त. अक्कलकोटकडचा, मराठी बोलता बोलता कानडीत घसरतो. दवाखान्यातून आल्यापासून रविवार चुकवत नाही. येतो, बसून राहतो, माझ्या बँडेजकडं बघत नाही.

ट्रंकेत माझी सत्तरएक पुस्तकं आहेत. सगळी रद्दीतली, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. बहुतेक इंग्रजी. वाचता थोडंच येतं, पण चित्रांवरून सगळं कळतं. चाचे, बुडालेली गलबतं, जंगलातली देवळं. निम्म्यांची शेवटची पानं गायब. येसू म्हणाली, "सांग की एखादी." सांगायला घेतली. नायक कोठडीत कोंडलाय, कोठडीत पाणी चढतंय, आणि – पान नाही.

सुंदरम्माक्का आमच्या उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसली होती. शेजारीण, विधवा, साखर पेठेतल्या अख्ख्या चाळीत तिच्याएवढा आवाज कुणाचा नाही. तेलुगू ती तेलुगू, पण मराठीत भांडायला कुणाला ऐकत नाही.

"अन् मग?"

"मग पान न्हाई, अक्का."

"असं कसं? मानूस बुडाला का वाचला?"

वैताग आला मला. म्हटलं, "तू असतीस तर काय केलं असतंस?"

ती विडीच्या पानावरची नजर न काढता म्हणाली, "मी? लुगडं फेडून वरच्या गजाला बांदलं असतं अन् चडले असते. जीव जाताना लाज कशाला?"

गुरुसिद्धप्पा चक्क हसला. "गज तुटला तर, अक्का?"

सुंदरम्मा उठली, घरातून सहा कवड्या घेऊन आली. "चार उताण्या पडल्या तर गज टिकला. न्हाईतर मेले."

पाच पडल्या! येसू ओरडलीच. मग मी गजापलीकडचं भुयार सांगितलं. पुस्तकात नव्हतंच ते, तोंडाला आलं. भुयारात काय, असं गुरुसिद्धप्पानं विचारलं...

दिवेलागण झाली तेव्हा उठलो. हात दुखतोय हे दुपारपासून आठवलंच नव्हतं.

१२ डिसेंबर

काढता येत नाही. सांगता तर येतं!

१५ डिसेंबर

तीन दिवस ट्रंक उपसतोय. आता पुस्तकं वाचत नाही, लुटतोय. गोष्ट नको, गोष्टीची हाडं हवीत.

उदाहरणार्थ ती पाण्याची कोठडी. चित्रांत पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला, मग गळ्याला. चार चौकटी, म्हणजे चार डाव. तेवढ्यात सुटायचं. घाई आपोआप येते, मला ओरडावं लागत नाही. दोराचा पूल – एका वेळी एकच माणूस जाणार, म्हणजे आधी कोण यावर भांडण. डोळे फिरवणारी मूर्ती – ती कुणाकडं बघते ते मी फक्त त्याच्या कानात सांगणार.

नियम केले. ज्यानं त्यानं गोष्टीतलं एक माणूस घ्यायचं आणि शेवटपर्यंत तेच राहायचं. ते काय करतं ते त्यानंच बोलायचं. कवड्या पडल्या ते पडलं, फेरविचार नाही. मेलं ते मेलं. आणि सांगणाऱ्यानं खोटं सांगायचं नाही.

१८ डिसेंबर, रविवार

सुंदरम्माक्का व्यापारीण झाली. तिच्या गलबतावर तंबाखू. येसू मुखवट्यातली तलवारवाली. बालवाडीत दिवसभर पोरांना गाणी शिकवणारी पोरगी, पण पहिल्याच डावात दोन चाचे कापले! गुरुसिद्धप्पा नावाडी. दुसरं काही नको म्हणाला. "मला वल्हं दे की, तलवार नको."

सुंदरम्मा चाच्यांशी लढलीच नाही. घासाघीस केली. पाऊण तास! शेवटी चाच्यांनीच तिला वाट करून दिली. हसून हसून येसूला ठसका लागला.

२१ डिसेंबर

सापडलं!

आज एक गोष्ट ध्यानात आली. या पुस्तकांत खलनायक कधी पहिल्याच पानावर अख्खा दिसत नाही. आधी बूट. मग हात. मग भिंतीवर सावली. चेहरा येतो तोवर आपण त्याला ओळखायला लागलेलो असतो.

मला तर चेहरा ठाऊकच आहे.

२५ डिसेंबर, रविवार

आज काळा कप्तान आला. अख्खा नाही. गलबताच्या खालच्या मजल्यावरून आधी किल्ल्यांच्या जुडग्याचा आवाज. मग तपकिरीची डबी उघडल्याचा – टक्. मग शिंक. एक नाही, लागोपाठ तीन. आणि मग म्हणाला, "कायदा म्हंजी कायदा!"

सुंदरम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारलं. "अरे, ह्यो तर महिपती!"

दाराशी मिलमधले दोघं-तिघं उभे होते. असे हसले की पलीकडच्या खोलीतून लोक बघायला आले. गुरुसिद्धप्पा हसला नाही. तो घाबरट आहे, जॉबरच्या हाताखाली काम करायचंय त्याला.

किती दिवसांनी पोटभर जेवलो!

८ जानेवारी १९७८, रविवार

दारात पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा-वीस माणसं निव्वळ ऐकायला. कप्तानाला आज मी घाबरट केला. वादळ आलं की पिंपात लपतो आणि पिंपातून हुकूम सोडतो. लोक लोळायचे बाकी राहिले.

एक जण सांगत होता, खात्यात महिपती आला की कुणीतरी शिंकतं. कुठून ते कळत नाही. तो गरकन वळतो, सगळे माना खाली घालून साच्याकडं बघतात.

संध्याकाळी येसू नळावरून आली. महिपतीची बायको मथुराबाई तिथं होती. म्हणाली म्हणे, "तुज्या भावाला आमच्या ह्यांनीच उचलून न्हेला की दवाखान्यात. उपरण्यावरचा डाग अजून जाईना. अन् तुमी त्येचंच सोंग करताय व्हय?"

येसूनं विचारलं, "खरं का दादा?"

असेल. मला आठवत नाही. शुद्ध नव्हती.

तिनं परत विचारलं. मी ओरडलो तिच्यावर.

१५ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो सगळे. पाळण्याजवळ महिपती दिसला, बायको बरोबर. गर्दीतून कुणीतरी शिंकलं – तीनदा! त्यानं मान खाली घातली. मथुराबाईच्या हातातली चिरमुऱ्यांची पिशवी त्यानं आपल्या हातात घेतली आणि दोघं मागच्या मागं निघून गेले.

मी बघत उभा राहिलो. गोड वाटलं. खोटं कशाला लिहू!

२ फेब्रुवारी

हसून काय होतं? लोक हसतात आणि घरी जातात. तो अजून जॉबरच आहे. मी अजून इथंच, डाव्या हातानं भाकरी मोडतोय.

मला तो पडलेला हवाय. कागदावर. जसा त्यानं मला कागदावर पाडला तसा.

१० फेब्रुवारी

एका पुस्तकात बेटावरचा दरबार आहे. खांबाला बांधलेला खलाशी, वर कप्तान, आणि समोर एकच साक्षीदार. तो बोलला तर खलाशी सुटतो. त्याच्या तोंडाची चौकट मोठी काढलीय, अर्धं पान. घामाचे थेंबसुद्धा काढलेत.

त्या दिवशी शेजारच्या साच्यावर कोण होतं? गुरुसिद्धप्पा. मॅनेजरनं विचारलं तेव्हा "मी बघितलं न्हाई" म्हणाला होता. तेवढंच. केळी आणतो, पण बोलत नाही.

बोलेल. सगळ्यांच्या समोर बोलेल. युनियनच्या तात्याबांना निरोप पाठवलाय – २६ तारखेच्या रविवारी खेळ बघायला या.

२६ फेब्रुवारी, रविवार

झालं! सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

तात्याबा आले होते. त्यांना खुर्ची दिली. जिना माणसांनी भरलेला. मी बेट सांगितलं, दरबार सांगितला. गलबतावरच्या पहारेकऱ्याचा हात साखळीच्या चाकात गेलाय. कप्तान म्हणतो, पहाऱ्यावर असताना हा मांडीवर नकाशा पसरून बघत होता, चूक याचीच. आणि शेजारी वल्ह्यावर बसला होता तो नावाडी.

"नावाड्या," मी म्हटलं, "नकाशा कुटं हुता?"

गुरुसिद्धप्पानं कवड्यांकडं हात नेला. "टाकू का?"

"ह्याला कवड्या न्हाईत. हितं बोलायचं."

"टाकू दे की, त्रिंबक."

"न्हाई."

त्याला घाम आला होता. अगदी त्या चित्रातल्यासारखा! माझ्याकडं बघितलं, मग पहिल्यांदाच माझ्या हाताकडं बघितलं. किती वेळ बघत राहिला.

"पिशवीत," तो म्हणाला. "पुस्तक पिशवीत होतं."

नकाशा नाही म्हणाला. पुस्तक म्हणाला! जिन्यावर एकच गलका. तात्याबा उठून उभे राहिले. "हे साहेबासमोर सांगशील का, गुरुसिद्धप्पा?" त्यानं होकारार्थी मान हलवली. टाळ्या थांबेनात.

सुंदरम्माक्कानं टाळी वाजवली नाही. लोक गेल्यावर सूप उचलता उचलता म्हणाली, "त्येच्याकडं असा का बगत हुतास तू? मांजर उंदराकडं बगतं तसा?"

तिला काय कळतं!

६ मार्च

फेरचौकशी झाली. तात्याबा भक्कम बोलले. गुरुसिद्धप्पानं देवाची शपथ घेऊन सांगितलं – पुस्तक पिशवीत होतं, जॉबर खोटं बोलतो. महिपती एवढंच म्हणाला म्हणे, "मी डोळ्यानं बघितलंय." कुणी ऐकलं नाही. अडीच महिने सगळी मिल त्याला हसतेय, आता त्याचं कोण ऐकतंय?

म्हणजे खेळ वाया गेला नाही.

११ मार्च

महिपतीची जॉबरकी गेली. झाडूखात्यात टाकलाय. किल्ल्या काढून घेतल्या. येत्या महिन्यात माझी केस पुन्हा वर जाणार, हलकं काम देतील म्हणतात.

खिडकीत उभा राहून पाळी सुटताना बघितलं. तो सगळ्यांच्या मागून एकटाच चालत गेला. कमरेशी किल्ल्या नसल्यानं हाताचं काय करावं त्याला कळत नव्हतं.

पेढे आणले. येसूनं एक घेतला, अर्धा खाल्ला.

१२ मार्च, रविवार

गुरुसिद्धप्पा आला नाही. ऊन फार आहे.

१९ मार्च, रविवार

आज पण नाही. त्याच्या खोलीवर गेलो. आतून कडी. आवाज दिला, तर दार न उघडताच म्हणाला, "तुझ्यासाठी शपथ घेतली मी. आता मला खेळायला बोलवू नको, त्रिंबक."

"काय झालं?"

"महिपती माझ्या साच्याखाली झाडायला येतो. रोज. काही बोलत नाही. 'पाय उचल' एवढंच म्हणतो."

घाबरट! आधीपासूनच घाबरट.

२३ मार्च

घात केला!

आज सकाळी गुरुसिद्धप्पा आपण होऊन मॅनेजरकडं गेला. म्हणाला, "मी खोटी शपथ घेतली. जॉबर खरं बोलला." तात्याबांना न विचारता, कुणाला न सांगता! खोट्या साक्षीबद्दल त्याला तिथल्या तिथं घरी बसवला. महिपतीला किल्ल्या परत.

तात्याबा जिना चढून आले. बसले नाहीत. "माझं तोंड काळं केलंत दोघांनी," म्हणाले, आणि गेले.

दोघांनी! मी काय केलं? माझी बोटं गेलीत! केळी आणून आणून शेवटी गळा कापला यानं. महिपती परका तरी होता. हा माझ्या पंगतीला बसला होता.

२४ मार्च

नावाड्याला मारणार. साधा नाही मारणार. येत्या रविवारी सगळ्यांच्या समोर. पाण्याची कोठडी – घोटा, गुडघा, कंबर, गळा. कवड्या सहाच्या सहा उताण्या पडल्या तरी मरेल. आणि मेल्यावर त्याचं नाव सांगणार. चाळीत, मिलमध्ये, अक्कलकोटपर्यंत लोक थुंकले पाहिजेत त्याच्यावर.

२६ मार्च, रविवार

कोणी आलं नाही. फक्त सुंदरम्माक्का, तीही उंबऱ्याबाहेर उभी.

म्हटलं, "बस की. आज नावाडी मरणार हाय."

ती म्हणाली, "गुरुसिद्धप्पा गावाला चाललाय. बायकोनं भांडी बांदली. मी इचारलं त्येला, का रं असं केलंस? तर म्हनतो, अक्का, रविवारी त्रिंबकच्या घरी बसायचो ते खरं हुतं, तेवडंच ऱ्हाऊ दे म्हनून साहेबाकडं गेलो. म्हंजे काय रं?"

मला कळलं नाही म्हणालो.

"नियम तूच केला हुतास ना," ती म्हणाली, "सांगनाऱ्यानं खोटं सांगायचं न्हाई?" आत येऊन पाटावरच्या कवड्या गोळा केल्या, पदरात बांधल्या, आणि गेली.

येसू चुलीशी होती. तिनं वळून बघितलं नाही.

२ एप्रिल, रविवार

पुस्तक मांडीवर होतं. घोडेस्वार कड्यावरून उडी मारत होता. सूत अडकलं, आणि चित्रावरची नजर न काढता मी चाकात हात घातला. साचा महिपतीनं थांबवला. गुरुसिद्धप्पानं हे बघितलं होतं. मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.